सर्वांसमक्ष : नगर जिल्ह्यातील गावबैठकीच्या परंपरेची प्रस्तावना

मराठ्यांच्या अमदानीतील जुनी दफ्तरे ज्याने थोडीबहुत चाळली आहेत, त्याच्या परिचयाचा एक कागद म्हणजे महजर. वतनाचा तंटा असो, दोन गावांच्या शिवेचा कज्जा असो वा भाऊबंदांतील वाटणीची फिर्याद असो, तिचा निवाडा करण्यासाठी गोतसभा बसे; पाटील, कुळकर्णी, चौगुला, शेटे-महाजन आणि बलुतेदार, व प्रकरण थोर असल्यास परगण्याचे देशमुख-देशपांडे, असे सारे देवळाच्या मंडपात किंवा चावडीवर एकत्र येत, वादी-प्रतिवादींच्या तकरिरा ऐकत, साक्षी तपासत, आणि जे ठरले ते मोडी अक्षरांत लिहून त्याखाली आपापली निशाणी करीत. ज्याला लिहिता येत नसे त्याचीही जागा त्या कागदावर राखलेली असे. कुणबी नांगर रेखाटी, सुतार आपले हत्यार काढी, न्हावी आरसा काढी, वाणी तराजू काढी. त्या ओबडधोबड रेषांकडे पाहताना मला नेहमी असे वाटत आले आहे की, निवाड्यातील न्यायाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोल, तो न्याय ज्यांच्या देखत झाला त्यांच्या उपस्थितीच्या या नोंदीला आहे. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी वादी आणि प्रतिवादी यांना त्याच गावात, त्याच वाटेने शेतावर जावयाचे होते, आणि आदल्या दिवशी कोण काय बोलला हे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

शेजारी राहणारी माणसे एकमेकांशी कशी जोडली जातात, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे, आणि तो अहमदनगर, म्हणजे २०२४ सालापासून ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे त्या जिल्ह्याच्या आधाराने करावयाचा आहे. शेजारधर्माविषयी लिहिणारे बहुतेक लेखक जिव्हाळ्यापासून आरंभ करतात. पूर्वी माणसे एकमेकांच्या सुखदुःखात धावून जात, आता ती आपापली दारे लावून बसतात, असा एक विषादाचा सूर त्यांच्या लेखनात सहज उमटतो. मला हा क्रम उलटा वाटतो. जिव्हाळा हा मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतही नाही. तो येवो न येवो, शेजार उभा राहतो तो दोन गोष्टींवर. सर्वांना ज्याची गरज आहे असे एखादे समाईक काम हवे, आणि त्या कामाचा हिशेब सर्वांच्या देखत मांडण्याची एक जागा हवी. ही जागा कधी पिंपळाचा पार असेल, कधी चावडी, कधी देवळाचा सभामंडप, आणि आज कायद्याने दिलेली ग्रामसभा. जागेचे रूप बदलते. ‘सर्वांसमक्ष’ हा तिचा गुण मात्र टिकला तर शेजार टिकतो, तो गेला तर भिंतीला भिंत लागून असलेली घरेही एकमेकांना परकी होतात.

हा विचार नगर जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याचे कारण या भूमीच्या घडणीत आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार. पश्चिमेस अकोले तालुक्याच्या डोंगरांत महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीचे, आणि त्याच्या आसमंतात मुसळधार पर्जन्य. प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि त्याच्या कालव्यांखाली उत्तरेकडील उसाचे बागायती तालुके. आणि तेथून थोडे दक्षिणेस वा पूर्वेस सरकले की पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी अशी पर्जन्यछायेतील जिरायत गावे, जेथील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. अर्धे वर्ष निम्मे गाव परगावी असेल तर शेजार टिकावा कसा? पाणी हीच येथील समाजशास्त्राची किल्ली आहे. जेथे पाणी कालव्याने आले तेथे माणसे आवर्तनासाठी आणि कारखान्यासाठी एकत्र आली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला, ही कथा सर्वश्रुत आहे. पण ज्या गावांना कालवाही नाही आणि नदीही नाही, तेथे एका विहिरीचे पाणी शेजारच्या विहिरीत केव्हा झिरपते आणि केव्हा आटते, हा प्रश्न घराघरांतील संबंधांचा प्रश्न होऊन बसला, आणि म्हणूनच शेजाराचे सर्वांत धाडसी प्रयोग याच कोरड्या पट्ट्यात झाले.

त्या प्रयोगांकडे वळण्यापूर्वी जुन्या गावगाड्याविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण ती न केल्यास वर महजराची केलेली स्तुती दिशाभूल करील. गोतसभेत सर्वांचा समावेश होता असे म्हणणे अर्धसत्य आहे. शिवेच्या कज्ज्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, शीव त्याच्या पावलांनी चालून दाखविली जाई, आणि तरीही त्याचे घर वेशीबाहेर असे, बसण्याची जागा वेगळी असे. स्त्रियांच्या वाट्याला त्या बैठकीत बोलण्याचा अधिकार क्वचितच आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पेशवाईच्या अस्तानंतर, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात येथील पंचायतींचे गुण वर्णिले आणि त्या राखण्याचा मनोदय प्रकट केला. परंतु अदालती, वकील आणि स्टँप यांचे युग सुरू होताच वाद गावाच्या देखत न सुटता तालुक्याच्या कचेरीत सुटू लागले, आणि जो आपल्या गावकऱ्यांसमोर बोलण्यास कचरला असता तो अनोळखी न्यायाधीशापुढे निःशंकपणे खोटे बोलू लागला. गोतसभेच्या विषमतेतून सुटका झाली हे खरे. तिच्या जागी समतेची बैठक मात्र उभी राहिली नाही.

गावाची एकी कोणत्या कारणाने उफाळून येते याचा एक दाखला १८७५ चा आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे त्या वर्षीच्या मे महिन्यात सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, तो पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. गावोगावच्या कुणब्यांनी एकत्र येऊन सावकाराच्या शेतात राबायचे नाही, त्याची हजामत करायची नाही, त्याचे पाणी भरायचे नाही असे ठराव केले. बलुतेदारांनाही त्यात ओढले, आणि पुढे कर्जरोखे हिसकावून त्यांची होळी केली. १८७९ चा शेतकरी-साहाय्य कायदा त्यातून जन्मला. या घटनेचे आर्थिक विवेचन पुष्कळ झाले आहे. माझे लक्ष वेधते ते असे की, शेजाऱ्यांची एकजूट ही स्वभावतः सौम्य वस्तू नाही. ज्या बैठकीतून धान्य-पाण्याचा बंदोबस्त होतो, त्याच बैठकीतून बहिष्कारही निघतो. ही धार ध्यानात ठेवूनच पुढील सर्व वाचावे.

भक्तिमार्गाने निर्माण केलेली बैठक हा या परंपरेचा दुसरा प्रवाह. नेवाशाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर निरूपण केले, ते ऐकणारा समाज कोण होता याचे उत्तर निरूपणाच्या मराठी भाषेतच आहे. आजही गोदावरीच्या सरला बेटाशी निगडित असलेला गंगागिरी महाराजांचा फिरता हरिनाम सप्ताह ज्या पंचक्रोशीत भरतो, तेथील घराघरांतून भाकऱ्या बांधून आणल्या जातात आणि आमटीच्या कढया उघड्या मैदानात चढतात. सात दिवस गावे एकमेकांची पाहुणी होतात. सप्ताह संपल्यावर यातले किती उरते हा प्रश्न मला छळतो, आणि त्याचे उत्तर बव्हंशी असे आहे की, ज्या गावाने सप्ताहाच्या पंगतीला गावच्या एखाद्या कामाची जोड दिली तेथे उरते, इतरत्र नाही.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे. अण्णा हजारे १९७५ साली लष्करी नोकरीतून परतले तेव्हा गाव दारूच्या भट्ट्यांनी आणि भाकरीच्या वाणवेने गांजलेले होते. त्यांनी आपल्या शिलकीतील पैसा यादवबाबांच्या पडक्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी घातला आणि गावकऱ्यांना हातभार लावण्यास बोलाविले. बंधारा किंवा शाळा सोडून आधी देऊळच का, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर तो गैर ठरला नसता. परंतु देऊळ उभे राहिल्यावर गावाला पुनश्च बसण्याची जागा मिळाली, आणि मग त्या जागेत पाणी, दारू, कुऱ्हाड, चराई यांचे प्रश्न निघू लागले. नाल्यांना बांध पडले, पाझर तलाव दुरुस्त झाले, अडीअडचणीच्या कुटुंबाला धान्य उसने देणारी धान्यबँक निघाली, सामुदायिक विवाह लागले. या सर्वांचे श्रेय देताना एक कटू गोष्टही लिहिलीच पाहिजे. दारू न सोडणाऱ्यांना देवळासमोर खांबाला बांधून मारण्यात आले, असे खुद्द हजारे यांनीच सांगितलेले आहे. हेतू कितीही शुद्ध असला तरी जी सभा माणसाच्या अंगावर हात टाकते, तिने सर्वांसमक्ष या गुणाचा दुरुपयोग केला असे मी म्हणेन. चारचौघांच्या नजरेचा धाक हा बैठकीचा प्राण आहे. त्या धाकाचे रूपांतर शिक्षेच्या देखाव्यात झाले की दुर्बल माणूस तिकडे पाठ फिरवतो, आणि सभा उरते ती बलिष्ठांची.

हिवरे बाजाराने या धोक्यातून वाट कशी काढली हे सविस्तर पाहण्याजोगे आहे. नगर शहरापासून सतरा किलोमीटरांच्या अंतरावरचे हे गाव, वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विसकटली; डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, तरुण मुंबई-पुण्याकडे निघून गेले, मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे माजली, आणि सरकारी नोकराला येथे होणारी बदली ही शिक्षेची बदली समजली जाऊ लागली. १९८९ साली पोपटराव पवार नावाचा वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर तरुण, क्रिकेटच्या मैदानावर ज्याचे नाव झाले होते, बिनविरोध सरपंच झाला. त्याने काय केले याची यादी आज सर्वत्र आढळते. ते कसे केले हे तिच्यात आढळत नाही, म्हणून त्यावर भर देतो.

प्रारंभी शाळा आणि पाणी हे दोनच विषय हाती घेतले गेले. शाळेच्या कामात कोणाचाही तोटा नव्हता, त्यामुळे श्रमदानाची सवय लागली आणि भांडलेले हात एका घमेल्याला लागले. नव्वदच्या दशकात राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली, तेव्हा माथा ते पायथा या न्यायाने डोंगरउतारांवर सलग समतल चर खोदले गेले, ओढ्यांवर नालाबांध पडले, पाझर तलाव झाले, वनखात्याच्या जमिनीवर झाडे लागली. येथवर जे झाले ते शासनाच्या पैशाने इतर शेकडो गावांतही झाले आहे, आणि त्यांपैकी कित्येकांत आज चर बुजलेले आणि बांध फुटलेले दिसतात. हिवरे बाजार निराळे ठरले ते पाणी आल्यानंतर. वर्षानुवर्षे तहानलेल्या गावात विहिरीला पाणी लागले की प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार उसाचा येतो, आणि तो विचार स्वाभाविक आहे, कारण शेजारच्या तालुक्यात उसाने माणसे श्रीमंत झालेली त्याने पाहिली आहेत. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने तेथेच पाय रोवला. ऊस आणि केळी ही पिके घ्यावयाची नाहीत. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही, ओलीत उघड्या विहिरीवरच करावयाचे. कुऱ्हाड बंद, मोकाट चराई बंद, नशा बंद. गावची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही. हे सारे निर्बंध सरपंचाच्या सहीने आले असते तर पुढच्या निवडणुकीत सरपंच गेला असता आणि निर्बंधही गेले असते. ते आले ग्रामसभेतून, ज्याच्या शेतात कूपनलिका होणार होती त्याच्या देखत.

आणि ते टिकले ते ज्या एका वार्षिक प्रथेमुळे, तिला मी या विषयाचे हृदय मानतो. पाण्याचा ताळेबंद. गावातच पाऊस मोजला जातो, निवडक विहिरींची पातळी मापली जाते, आणि पावसाळा सरल्यावर ग्रामसभेपुढे मांडले जाते की, यंदा शिवारात इतके पाणी पडले, इतके मुरले, इतके वाहून गेले. माणसांच्या पिण्याला इतके, जनावरांना इतके, उद्यासाठी जमिनीच्या पोटात इतके राखावयाचे, आणि बाकीच्यात रब्बीचे इतके क्षेत्र भिजेल. पाऊस कमी तर उन्हाळी पीक नाही, आणि अति कमी तर रब्बीतही काटछाट. ज्यांनी जमाबंदीची जुनी कागदपत्रे पाहिली आहेत त्यांना यात काही ओळखीचे दिसेल; फरक इतकाच की त्या जमाबंदीत रयतेने सरकारला काय देणे आहे याचा हिशेब असे, येथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला काय देणे आहे त्याचा हिशेब आहे. जमिनीच्या पोटातले पाणी कोणाच्या बांधाने अडत नाही. वरच्या वावरातली विहीर रात्रभर उपसली की खालच्या वावरातल्या विहिरीचा तळ उघडा पडतो. हे सत्य प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते आणि तो ते मनात ठेवतो. ताळेबंद ते मनातून काढून सभेच्या सतरंजीवर आणतो. तेथे आकडा वाचला जातो तेव्हा ज्याने अधिक उपसा केला त्याचे नाव घेण्याचीही गरज राहत नाही. कोणाला खांबाला बांधावे लागत नाही. विषय माणसाच्या दोषाकडून पाण्याच्या बेरजेकडे नेल्यामुळे भांडणाचा मुद्दा गणिताचा झाला, आणि गणितावर माणसे रागावून बसू शकत नाहीत.

गाव बदलल्याची लक्षणे पुढे पुष्कळांनी नोंदविली. गेलेली कुटुंबे परतली, गवत वाढून दूध वाढले, दारिद्र्यरेषेखालील घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक लहान गोष्ट. गावात मुसलमानांचे घर एकच, आणि त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधली. पाण्याच्या हिशेबात ज्याला बरोबरीचा वाटा मिळाला, त्याच्या प्रार्थनेची जागा ही गावाची जबाबदारी वाटू लागली. जिव्हाळा मागाहून येतो असे आरंभी म्हटले त्याचा याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही.

पण याच जिल्ह्यात सोनई आहे आणि खर्डा आहे. २०१३ साली सोनईला तीन दलित तरुणांची हत्या झाली, २०१४ साली खर्ड्याला एका दलित विद्यार्थ्याची. ज्या जिल्ह्याच्या ग्रामसभांचे गोडवे गावे, त्याच जिल्ह्यातील या नावांवरून पुढे सरकणे हे लेखकाच्या प्रामाणिकपणाला शोभणारे नाही. एका सतरंजीवर बसण्याची परंपरा ज्या समाजात आहे, त्याच समाजात ती सतरंजी कोठे संपते हेही ठरलेले होते, आणि कायद्याने ती सीमा पुसली तरी मनातून पुसली गेलेली नाही. म्हणून शेजाराची बैठक बांधताना ती कोठे भरवावी, तिचे काम कोणत्या वस्तीत घडावे, हा प्रश्न गौण नसून पहिला आहे. तो ज्यांनी पहिला मानला त्यांचा प्रयोग, खर्डा ज्या तालुक्यात आहे त्याच जामखेडात, त्या घटनेच्या चार दशके आधी सुरू झालेला होता.

डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. वेलोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या या दोघांना शहरात काहीही दुर्मिळ नव्हते. त्यांनी पाहिले की, गावातली मुले ज्या रोगांनी दगावतात त्यांवर औषधापेक्षा पाणी, अन्न आणि शेजारणीची साथ यांचा इलाज अधिक आहे. परंतु गावात शिरावे कोणाच्या दारातून? पाटलाच्या ओसरीवर बसावे तर दलित वस्ती फिरकणार नाही. दलित वस्तीत बसावे तर पाटील येणार नाही. त्यांनी तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळावयास आरंभ केला. मैदानाला वेस नव्हती. खेळ संपल्यावर माणसे तेथेच बसत, गप्पांतून गावच्या अडचणी निघत, आणि त्या बैठकींतून पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली.

दुष्काळात गावोगाव कूपनलिका घेण्याची वेळ आली तेव्हाची त्यांची योजना तर या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानी घ्यावी अशी आहे. जमिनीखालच्या पाण्याची जागा दाखविणाऱ्या तज्ज्ञाला त्यांनी दलित वस्तीतच जागा निवडण्यास सांगितले, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. तहान लागलेल्या सवर्ण घरांच्या बायका घागर घेऊन वेशीबाहेरच्या पंपावर आल्या. आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि ज्या संभाषणाला पिढ्यान्‌पिढ्या स्थळ नव्हते त्याला स्थळ मिळाले. उपदेशाने हे झाले नसते. ज्या वस्तूची गरज सर्वांना आहे ती ज्याच्या दारी नेऊन ठेवावी त्याच्या दारी गाव जाते, हे त्यांनी ओळखले होते.

आरोग्यसेविकांची त्यांची कल्पना याच्याच पुढची पायरी. प्रत्येक गावाने आपली एक बाई निवडावयाची. ती बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित, कित्येकदा नवऱ्याने टाकलेली. जामखेडला नियमाने येऊन, अन्य जातींच्या बायकांबरोबर एकत्र राहून-जेवून ती शिके, आणि गावी परतून सुईणपणापासून जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्यापर्यंत सारे शेजारणींना शिकवी. कार्यक्रमाच्या प्रारंभी, १९७१ च्या सुमारास, त्या गावांत जन्मणाऱ्या हजार अर्भकांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशींचे आरोग्याधिकारी जामखेडला येऊन त्या निरक्षर बायकांकडून शिकून गेले. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या हाती गावातल्या सर्व घरांची बाळंतपणे आली. शेजाराच्या इतिहासात एवढे मोठे स्थित्यंतर एका पिढीत घडल्याचे उदाहरण मला अन्यत्र ठाऊक नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांच्या बियाण्यांच्या कोठीविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचे काम आता महाराष्ट्रभर ज्ञात आहे. वालाच्या, नाचणीच्या, भाताच्या देशी जाती त्यांनी जपल्या, आणि शेजारणींना बियाणे देताना पुढच्या हंगामात ते परत करण्याची बोली ठेवली. देण्याघेण्याच्या या बोलीमुळेच बायकांचा एक मेळावा गावागावांत तयार झाला. २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले तेव्हा त्याच यादीत पोपटराव पवारांचेही नाव होते. एकीने बी राखले, दुसऱ्याने पाणी राखले, आणि दोघेही एकाच जिल्ह्यातले.

आता कायद्याविषयी. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला स्थान दिले आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत बसविले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सभासद, निवडून येण्याची गरज नाही. आमच्या लोकशाहीत माणसाने स्वतः, प्रतिनिधीवाचून, उपस्थित राहावे अशी ही सभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरते, प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधीजयंती या दिवशी ती बहुतेक गावांत असते. तिच्यापूर्वी केवळ स्त्रियांची सभा भरवून तिचे म्हणणे मुख्य सभेपुढे ठेवावे असाही नियम आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल ती पुरते. ही संख्या मोठी नाही. आणि तरीही ज्याने ग्रामपंचायतीची इतिवृत्ते वाचली असतील त्याला ‘गणपूर्तीअभावी तहकूब’ हे शब्द वारंवार भेटले असतील, कारण तहकूब सभा पुन्हा भरविली की तिला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि पाच-दहा माणसांच्या साक्षीने, सूचक-अनुमोदकांची नावे घालून, वर्षभराचे ठराव एका बैठकीत मंजूर होऊन जातात. घरोघरी वही फिरवून सह्या गोळा करण्याचा प्रकारही अपरिचित नाही. सही आहे, माणूस नाही. महजरावर नांगर काढणाऱ्या कुणब्याला तेथे प्रत्यक्ष यावे लागत होते, आणि तो तेथे होता म्हणूनच त्या रेषेला अर्थ होता. साक्षरतेच्या या युगात आम्ही स्वाक्षरी राखली आणि उपस्थिती गमावली, हे पाहून मन विषण्ण होते.

स्त्रियांच्या सभेची गत याहून निराळी नाही. जेथे बचतगटांनी ती आपली मानली तेथे दारूची दुकाने बंद झाल्याचे दाखले राज्यभर आहेत, आणि जेथे ती केवळ वहीत भरली तेथे गावाला तिचा पत्ताही नाही. मूळ अडचण अशी की, सभेला जाऊन आपल्या बोलण्याने काही घडेल असे लोकांना वाटले पाहिजे, आणि तसे वाटण्यासाठी सभेपुढे खरा हिशेब यावा लागतो. पाझर तलावाचे अंदाजपत्रक, टँकरच्या खेपांचा तपशील, रोजगार हमीच्या हजेरीपटावरील नावे, ही कागदपत्रे ज्या गावात मोठ्याने वाचली जातात त्या गावात सतरंजी अपुरी पडते.

शहराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून ही प्रस्तावना पुरी होणार नाही, कारण जिल्ह्याच्या तरुण पिढीतील पुष्कळजण आज गाव सोडून नगर शहराच्या सावेडी-केडगावसारख्या वसाहतींत राहतात. नगरला २००३ साली महानगरपालिका झाली. ज्या दिवशी एखादे खेडे शहराच्या हद्दीत येते त्या दिवशी तेथील रहिवाशाचा ग्रामसभेत बसण्याचा हक्क संपतो, आणि त्याच्या जागी त्याला पाच वर्षांतून एकदा नगरसेवक निवडण्याचा हक्क मिळतो. हा सौदा त्याच्या तोट्याचा आहे असे माझे ठाम मत आहे. २००९ साली राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली, म्हणजे काही थोड्या मतदानकेंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांची बैठक. परंतु महाराष्ट्रातील शहरांत ती प्रत्यक्ष भरल्याची उदाहरणे फारच विरळ. एका मजल्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांत नळाच्या पाण्यावरून, वाहन लावण्याच्या जागेवरून, कचऱ्याच्या डब्यावरून जे अबोले होतात, त्यांची कारणे हिवरे बाजारच्या विहिरींहून निराळी नाहीत, आणि इमारतीच्या टाकीत किती पाणी आले, किती गेले, वीजबिल किती, पंपाच्या दुरुस्तीला किती, हा ताळेबंद गच्चीवर सर्वांना बसवून वाचणे कोणत्याही अधिनियमाची वाट न पाहता आजही शक्य आहे. काही सोसायट्यांतून तो वाचला जातोही, आणि तेथे गणपतीची वर्गणी मागावयास जाणाऱ्या मुलांना दारे उघडी मिळतात. क्षेत्रसभेची मागणी मात्र नागरिकांनी लेखी करावी लागेल, वारंवार करावी लागेल, आणि ती मान्य होऊन पहिली सभा जाहीर होईल तेव्हा आपल्या प्रभागातील सफाई-कामगारांच्या वस्तीत ती भरवावी, अशी माझी सूचना आहे.